आरोग्य-संशोधनाला साहाय्य करणाऱ्या प्रादेशिक जाळ्यांची फेररचना कशी करावी

एखाद्या जिल्हा रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी सुरू करायची असेल, तर उत्साही डॉक्टर असून भागत नाही. रुग्ण निवडीच्या निकषांत बसतो की नाही हे पाहणारी, त्याला माहितीपत्रक समजावून सांगणारी आणि पुढच्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवणारी रिसर्च नर्स लागते. रक्ताचे नमुने ठरल्या वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवणारा माणूस लागतो. चाचणीच्या औषधाचा वेगळा हिशेब ठेवणारा फार्मासिस्ट लागतो. आणि या सगळ्यांचा पगार कोणत्या खात्यातून निघणार याचे उत्तर आधीच तयार असावे लागते. इंग्लंडमध्ये ही तजवीज नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर रिसर्च, म्हणजेच एनआयएचआर, ही सरकारी निधीवर चालणारी संस्था प्रादेशिक जाळ्यांमार्फत करते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी या जाळ्यांची मोठी फेररचना झाली. क्लिनिकल रिसर्च नेटवर्कची १५ स्थानिक जाळी बंद झाली आणि त्यांच्या जागी रिसर्च डिलिव्हरी नेटवर्कची १२ प्रादेशिक जाळी आली.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या मराठी डॉक्टर, नर्स आणि व्यवस्थापकांपैकी अनेकांच्या विभागाला हा बदल थेट लागू झाला आहे, आणि असे बदल यापुढेही होत राहतील. अशा फेररचनेच्या नियोजनात ज्यांना भाग घ्यावा लागतो त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. महाराष्ट्रात अनेक रुग्णालये मिळून संशोधन करणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की फेररचनेची आखणी चाचणीतल्या रुग्णापासून सुरू करून वर न्यावी. नकाशा, संचालकांची पदे आणि संस्थेचे नाव यांचे निर्णय त्यानंतर घ्यावेत.

कामाची वर्गवारी आधी

पहिली पायरी म्हणजे सध्याचे जाळे नेमके काय काय करते याची यादी, आणि त्यातले कोणते काम जागेशी बांधलेले आहे आणि कोणते नाही याचा निवाडा. एनआयएचआरच्या दोन फेररचना शेजारी ठेवल्या की हा फरक चांगला दिसतो. संशोधनाचा आराखडा तयार करताना सल्ला देणारी रिसर्च डिझाइन सर्व्हिस पूर्वी प्रदेशनिहाय वाटलेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या जागी रिसर्च सपोर्ट सर्व्हिस आली. तिची आठ केंद्रे विद्यापीठांकडे आहेत आणि इंग्लंडमधला संशोधक आपला पत्ता न पाहता त्यांपैकी कोणत्याही केंद्राकडे जाऊ शकतो. सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक देखभाल यांसाठी विशेष केंद्रेही आहेत. नमुन्याचा आकार किती असावा, तुलनेचा गट कसा निवडावा, अर्जातील संख्याशास्त्र पटण्यासारखे आहे का, हा सल्ला न्यूकॅसलमधला तज्ज्ञ डेव्हनमधल्या अर्जदाराला पडद्यावरून देऊ शकतो. त्या कामाला प्रदेशाची चौकट ठेवण्याचे फारसे कारण उरले नव्हते.

चाचणी प्रत्यक्ष पार पाडण्याचे काम मात्र खाटेशी, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळापत्रकाशी आणि नर्सच्या प्रवासाच्या अंतराशी बांधलेले असते, म्हणून २०२४ मध्ये त्याची प्रादेशिक रचना कायम राहिली आणि फक्त सीमा व अधिकार बदलले. तुमच्या यादीतील प्रत्येक कामाला हाच प्रश्न विचारावा. प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम, करारांचे नमुने, कंपन्यांकडून येणाऱ्या चौकशीला उत्तर देणे, माहितीचे विश्लेषण ही कामे एका ठिकाणी नेली तर श्रम वाचतात. गावोगावच्या जीपी (कुटुंबवैद्यांच्या) दवाखान्यांशी असलेला परिचय, कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग खरोखर रुग्ण नोंदवू शकतो याची जाण आणि ऐनवेळी माणूस पाठवण्याची क्षमता एका ठिकाणी नेली की नाहीशी होते. या तीन गोष्टी प्रदेशातच राहिल्या पाहिजेत.

ही यादी करताना जुन्या रचनेचा इतिहासही वाचावा. इंग्लंडमध्ये २००१ मध्ये कर्करोगासाठी राष्ट्रीय संशोधन जाळे उभे राहिले. २००६ मध्ये एनआयएचआर स्थापन झाली आणि त्या सुमारास मधुमेह, पक्षाघात, मानसिक आरोग्य, बालकांची औषधे, स्मृतिभ्रंश अशी विषयवार जाळी तयार झाली. २०१४ मध्ये ही विषयवार आणि प्रादेशिक जाळी एकत्र करून १५ स्थानिक जाळी करण्यात आली. त्या प्रत्येक टप्प्यावर काही जण विषयाच्या बाजूने आणि काही जण प्रदेशाच्या बाजूने उभे राहिले, आणि दोघांकडेही सबळ कारणे होती. कर्करोगतज्ज्ञाला देशभरातील आपल्या सहकाऱ्यांशी जोडलेले राहायचे असते, तर लहान रुग्णालयाच्या संचालकाला सर्व विषयांसाठी एकच दार हवे असते. तुमच्या रचनेत प्रदेश मुख्य ठरला असेल, तर विषयतज्ज्ञांना लेखी अधिकार आणि ठरलेला वेळ द्यावा. नुसते सल्लागार म्हणून यादीत नाव घालून काम होत नाही.

सीमा आखताना

१५ ची १२ जाळी कशी झाली ते पाहणे बोधप्रद आहे. ग्रेटर मँचेस्टर आणि नॉर्थ वेस्ट कोस्ट मिळून वायव्येचे एक जाळे झाले. नॉर्थ थेम्स आणि वायव्य लंडन मिळून उत्तर लंडनचे. थेम्स व्हॅली आणि वेसेक्स मिळून दक्षिण-मध्य. उरलेल्या प्रदेशांत मोठी विलीनीकरणे झाली नाहीत. मागचे सूत्र असे की संशोधनाच्या सीमा आरोग्यसेवेच्या सीमांशी जुळाव्यात. १ जुलै २०२२ रोजी इंग्लंडची आरोग्यसेवा कायद्याने ४२ इंटिग्रेटेड केअर सिस्टिममध्ये, म्हणजे एकेका भागातील आरोग्य व देखभाल सेवा एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थांमध्ये, विभागली गेली, आणि अशी एक व्यवस्था दोन संशोधन-जाळ्यांत चिरली गेली, तर तिच्या मंडळाला दोन ठिकाणी बैठका, दोन ठिकाणी हिशेब आणि दोन प्रकारच्या अपेक्षा सांभाळाव्या लागतात.

हे सूत्र योग्य आहे, पण ते सगळीकडे पुरे पडत नाही. कुंब्रियाचे उदाहरण घ्या. आरोग्यसेवेच्या नकाशावर उत्तर कुंब्रिया ईशान्येला जोडलेला आहे आणि दक्षिण कुंब्रिया लँकेशायरला. पण सामाजिक देखभालीची जबाबदारी कौन्सिलांची, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांची, असते, आणि १ एप्रिल २०२३ रोजी जुनी कौंटी कौन्सिल जाऊन आलेल्या दोन नव्या कौन्सिलांपैकी वेस्टमोरलँड अँड फर्नेस ही कौन्सिल आरोग्यसेवेच्या या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे: पेनरिथ उत्तरेत, बॅरो दक्षिणेत. वृद्धाश्रमांतील देखभालीवर त्या कौन्सिलबरोबर अभ्यास करायचा असेल, तर संशोधकाने कोणाचे दार ठोठावायचे? अशा प्रत्येक ठिकाणासाठी एक जाळे 'प्रथम संपर्क' म्हणून लेखी ठरवावे आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दावर काम सुरू करावे. सीमा कितीही विचारपूर्वक आखली तरी अशा जागा राहणारच. त्यांची यादी पहिल्याच महिन्यात तयार असली की नंतरची पत्रापत्री टळते.

चालू चाचण्या आणि त्यांतली माणसे

फेररचनेच्या दिवशी शेकडो अभ्यास अर्धवट अवस्थेत असतात. या भागाला नियोजनात सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथली चूक थेट रुग्णापर्यंत पोहोचते.

माणसे दोन प्रकारची असतात हे आधी वेगळे करावे. काही जण यजमान ट्रस्टचे, म्हणजे आरोग्यसेवेतील रुग्णालये चालवणाऱ्या ज्या संस्थेकडे जाळे सोपवलेले असते तिचे, थेट कर्मचारी असतात आणि प्रदेशभर फिरून काम करतात. बरेचसे लोक आपापल्या रुग्णालयाचे कर्मचारी असतात आणि त्यांच्या पगाराचा पैसा तेवढा जाळ्याकडून येतो. यजमान बदलला तर पहिल्या गटाचा मालक बदलतो, आणि तेथे २००६ च्या हस्तांतर नियमावलीनुसार, ज्याला तिकडे सगळे 'ट्युपी' म्हणतात, सेवाशर्तींचे संरक्षण द्यावे लागते व संघटनांशी सल्लामसलत करावी लागते. दुसऱ्या गटाचा मालक तोच राहतो, पण त्याची नोकरी ज्या पैशावर उभी आहे त्याचा दाता बदलतो. व्यवस्थापनाचे लक्ष स्वाभाविकपणे पहिल्या गटाकडे जाते, कारण तेथे कायदा आहे. गळती मात्र दुसऱ्या गटातूनही तितकीच होते, कारण संशोधनातील कित्येक नर्स मुदतीच्या करारावर असतात आणि करार बदलाच्या तारखेलाच संपत असेल तर त्या तीन महिने आधीच वॉर्डातील कायमची नोकरी पाहू लागतात. म्हणून बदलाची तारीख जाहीर करण्यापूर्वी सर्व मुदतीचे करार त्या तारखेपलीकडे किमान सहा महिने वाढवावेत. याला पैसा लागतो, पण नवी रिसर्च नर्स भरती करून तिला तयार करायला त्याहून अधिक लागतो.

आता एका फिरत्या नर्सचे उदाहरण जवळून पाहू. ती यजमान ट्रस्टची कर्मचारी आहे आणि आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या ट्रस्टमध्ये हृदयविकाराच्या चाचणीचे रुग्ण पाहते. तेथे तिला प्रवेशपत्र आहे आणि त्यावर तिच्या मालक-संस्थेचे नाव आहे. त्या चाचणीच्या डेलिगेशन लॉगमध्ये कोणती कामे करण्याचा तिला अधिकार आहे ते मुख्य संशोधकाच्या सहीने नोंदलेले आहे. तिचा ईमेल पत्ता, तिचे स्मार्टकार्ड आणि रुग्णांच्या नोंदी पाहण्याचे तिचे खाते जुन्या यजमानाच्या संगणक विभागाने दिलेले आहे. रुग्णांना दिलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'काही त्रास झाल्यास संपर्क' म्हणून छापलेला दूरध्वनी क्रमांकही जुन्या कार्यालयाचाच आहे. मालक बदलला की यातील प्रत्येक गोष्ट तपासावी लागते. प्रवेशपत्र वेळेवर नवे निघाले नाही तर तिला वॉर्डात जाता येत नाही. खाते बंद झाले तर पुढच्या भेटीची तारीख निघून जाते आणि प्रोटोकॉलचा, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या कार्यपद्धतीचा, भंग नोंदवावा लागतो.

त्या दूरध्वनी क्रमांकाबाबत विशेष काळजी घ्यावी. माहितीपत्रकातील बदल प्रायोजकामार्फतच (चाचणीची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेमार्फत) करावा लागतो आणि अनेक अभ्यासांत तो एकदम करायचा असल्याने वेळ लागतो. शिवाय नवे पत्रक निघाले तरी जुने पत्रक रुग्णाच्या घरी स्वयंपाकघरातल्या खणात तसेच पडलेले असते. त्यामुळे जुना क्रमांक बंद करूच नये. तो शेवटच्या रुग्णाची शेवटची भेट होईपर्यंत नव्या कार्यालयाकडे वळवलेला राहील, अशी व्यवस्था दूरध्वनी कंपनीशी लेखी करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा स्वतः फोन लावून ती चालते की नाही ते पाहावे.

चालू अभ्यासांचे तीन गट करणे सोयीचे जाते. ज्यांत रुग्ण घेणे चालू आहे, ज्यांत नवे रुग्ण घेणे थांबले असून पाठपुरावा चालू आहे, आणि जे सुरू होण्याच्या बेतात आहेत. तिसऱ्या गटातील अभ्यास बदलाच्या आधीचा व नंतरचा एक महिना सुरू करू नयेत, उशीर परवडतो. मधल्या गटाकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते, कारण नव्या नोंदी होत नसल्याने तो आकडेवारीत दिसत नाही, पण औषध घेणारे आणि तपासणीला येणारे रुग्ण तेथेच सर्वांत जास्त असू शकतात.

भारतात या टप्प्यावर एक जास्तीचे काम पडते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून आरोग्यसेवेतील संशोधनाला हेल्थ रिसर्च ऑथॉरिटीमार्फत एकत्रित मान्यता मिळते, तर आपल्याकडे सामान्यतः प्रत्येक संस्थेची एथिक्स कमिटी वेगळी असते. महाराष्ट्रात पाच वैद्यकीय महाविद्यालयांचे संयुक्त काम नव्या समन्वयकाकडे जाणार असेल, तर पाचही समित्यांना स्वतंत्रपणे कळवण्याचे वेळापत्रक त्यांच्या बैठकांच्या तारखा पाहून मागून पुढे आखावे.

पैसा

इंग्लंडमध्ये संशोधनाचा खर्च तीन खात्यांत पाडला जातो: अभ्यासाचा स्वतःचा खर्च निधी देणारा उचलतो, अभ्यासामुळे सेवेवर पडणारा साहाय्यखर्च जाळे उचलते, आणि उपचाराचा खर्च नेहमीच्या आरोग्यसेवेकडे जातो. चाचणीतील उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा महाग असेल तर त्या जादा खर्चाची वेगळी व्यवस्था असते. फेररचनेच्या आधी प्रत्येक ट्रस्टच्या हिशेबात हे तीन प्रवाह स्वच्छ वेगळे झालेले आहेत का ते पाहावे, कारण ते मिसळलेले असतील तर नवा यजमान काय वारशाने घेतो आहे हेच त्याला कळत नाही. बदलाची तारीख १ ऑक्टोबर असेल तर एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे दोन तुकडे होतात; सप्टेंबरअखेरची देणी, विशेषतः जीपी दवाखान्यांची, जुन्या यजमानाने कोणत्या तारखेपर्यंत चुकती करायची ते करारात लिहून घ्यावे. छोटा दवाखाना दोन तिमाही पैशाची वाट पाहतो आणि मग पुढच्या अभ्यासाला नकार देतो, आणि तो नकार पुढे कित्येक वर्षे टिकतो.

वाटपाचे सूत्र बदलणार असेल तर कोणत्याही ट्रस्टची रक्कम एका वर्षात किती टक्क्यांहून अधिक घटणार नाही याची मर्यादा घालावी. विद्यापीठाशी जोडलेल्या मोठ्या रुग्णालयाला थोडी घट सोसते. जेथे संशोधन विभाग म्हणजे दीड नर्स आणि अर्धवेळ लिपिक, तेथे तीच घट विभागच बंद करते.

संशोधन कोणापर्यंत पोहोचते

फेररचनेचे खरे प्रयोजन येथे आहे असे मला वाटते. नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येवर पैसा वाटला की संशोधन मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांकडे जाते, कारण तेथे नोंदणी सोपी असते. आजाराचा भार मात्र अन्यत्र असतो. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल किनारपट्टीच्या वस्त्यांच्या आरोग्यावर लिहिला, त्यात ब्लॅकपूलसारख्या गावांतील आजारांचे प्रमाण आणि तेथे डॉक्टरांची व संशोधनाची असलेली चणचण स्पष्ट मांडली आहे. म्हणून नव्या जाळ्याने प्रत्येक अभ्यासाला ठिकाण सुचवताना त्या आजाराचे रुग्ण प्रदेशात कोठे राहतात याचा नकाशा पुढे ठेवावा आणि तेथे पथक नसेल तर फिरते पथक पाठवावे. नव्या रचनेत प्रत्येक प्रादेशिक जाळ्याकडे असे फिरते पथक ठेवण्याची कल्पना आहे. त्याचा उपयोग मोठ्या रुग्णालयातील रजेची जागा भरण्यासाठी होऊ लागला तर तिचा हेतूच संपतो, तेव्हा या पथकाचे किती दिवस रुग्णालयाबाहेर गेले याची नोंद वर्षभर ठेवावी.

एप्रिल २०२२ मध्ये एनआयएचआरच्या नावात 'केअर' हा शब्द आला, पण जाळ्यांचे यजमान आरोग्यसेवेचे ट्रस्टच आहेत. वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक रुग्णालयाच्या भाषेत बोलत नाही. त्याला दुपारच्या जेवणाची वेळ, रात्रपाळीला असलेली दोनच माणसे आणि नातेवाइकांची परवानगी यांची चिंता असते. नियामक मंडळावर कौन्सिलचा एक आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्यांपैकी एक प्रतिनिधी मतासह घ्यावा. घरबसल्या भाग घेण्याची सोयही याच कामाला लावावी. डिसेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने सुरू केलेल्या पॅनोरॅमिक चाचणीत कोव्हिड झालेल्या २५,००० हून अधिक लोकांनी प्राथमिक आरोग्यसेवेतून, बहुतेकांनी घरूनच, भाग घेतला. जवळ मोठे रुग्णालय नसणे हे वगळले जाण्याचे कारण उरत नाही, हे तिने दाखवले.

भारतातही ग्रामीण भागात संशोधनाची केंद्रे नेण्याचा प्रयत्न आहे. आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतील पालघर जिल्ह्यातील डहाणूचे केंद्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मुंबईतील संस्थेच्या मार्गदर्शनाखाली चालते. अशी केंद्रे एखाद्या जाळ्यात आणताना मार्गदर्शक संस्थेकडे कोणता निर्णय राहील आणि केंद्राला स्वतः कोणता घेता येईल, हे आधी लिहून काढावे.

माहिती आणि मोजमाप

दोन प्रदेश एकत्र येतात तेव्हा त्यांच्या अभ्यास-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणाली वेगळ्या असू शकतात, आणि प्रणाली एक असली तरी नोंदी करण्याच्या सवयी वेगळ्या असतात. 'रुग्ण नोंदवला' याची तारीख एकाकडे संमतीच्या सहीची आणि दुसऱ्याकडे औषध सुरू झाल्याची असेल, तर विलीनीकरणानंतरच्या पहिल्या तिमाहीचे आकडे निरर्थक ठरतात. व्याख्या आधी जुळवाव्यात, मग नोंदी हलवाव्यात, आणि जुनी प्रणाली वाचण्यापुरती वर्षभर चालू ठेवावी.

यशाचे माप काय असावे? मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या, कोव्हिडवरील उपचारांच्या रिकव्हरी चाचणीत देशभरातील रुग्णालये काही आठवड्यांत सामील झाली आणि १६ जून २०२० रोजी डेक्सामेथासोन या औषधाचा निष्कर्ष जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्या वेगामागे आधीपासून पगारावर असलेल्या आणि आपापल्या रुग्णालयाची माहिती असलेल्या संशोधन कर्मचाऱ्यांची मोठी फळी होती. नव्या जाळ्याने म्हणून पहिल्या वर्षी तीन गोष्टी मोजाव्यात: जुन्या अनुभवी कर्मचाऱ्यांपैकी किती टिकले, मान्यता मिळाल्यापासून पहिला रुग्ण नोंदवला जाईपर्यंत किती दिवस गेले, आणि पूर्वी एकही अभ्यास न झालेल्या किती ठिकाणी आता काम सुरू आहे. एकूण नोंदणीचा आकडा पहिल्या वर्षी घसरेल. निधी देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

शेवटचे काम कागदपत्रांचे आहे आणि ते बदलाच्या दिवसानंतरही महिनोन्महिने चालते. संपलेल्या चाचण्यांच्या साइट फायली, म्हणजे प्रत्येक ठिकाणची चाचणीची कागदपत्रे, कित्येक वर्षे जपाव्या लागतात. त्या कोणाच्या ताब्यात आहेत, कोणत्या गोदामात आहेत, गोदामाचे भाडे यापुढे कोण भरणार आणि तपासणी अधिकाऱ्यांनी मागितल्यास त्या काढून देणारा माणूस कोण, याची नोंद प्रत्येक अभ्यासापुढे करून ती जुन्या व नव्या यजमानाने सहीसह स्वीकारावी. ती सही होईपर्यंत जुन्या यजमानाचा करार बंद करू नये.